मैदान आणि पट

सायंकाळची घंटा झाली कीं मुलें दोन वाटांनीं पांगतात. कांहीं मैदानाकडे धांवतात, कांहीं वाचनालयाकडे वळतात. पुढें घरीं व शाळेंत त्यांवर शिक्के बसतात: हा 'खेळाडू', तो 'पुस्तकी'. एकदां शिक्का बसला म्हणजे दुसऱ्या वाटेस फिरकण्याचा धीर मुलास सहसा होत नाहीं. यांत त्याचें केवढें नुकसान आहे, हें आम्ही खोखो व बुद्धिबळ या दोन परिचित खेळांवरून दाखवूं इच्छितों.

खोखोची खरी गंमत त्याच्या बंधनांत आहे. परंपरागत नियमांप्रमाणें पाठलाग करणाऱ्या संघाचे ८ गडी दोन खांबांमध्यें आळीपाळीनें विरुद्ध दिशांस तोंडें करून बसतात व नववा धांवतो. त्यास खांब गांठल्यावांचून मागें फिरतां येत नाहीं, कीं बसलेल्या गड्यांमधून पलीकडे जातां येत नाहीं. प्रतिपक्षी निसटला कीं शेजाऱ्यास खो देणें हाच उपाय. अर्थात् कितीही चपळ गडी असला तरी तो एकटा जिंकूं शकत नाहीं. म्हणूनच अबोल, नवखा मुलगाही या रांगेंत थोड्याच दिवसांत 'आपला' होतो. जानेवारी २०२५ मध्यें दिल्ली येथें या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तींत भारताचे पुरुष व महिला हे दोन्ही संघ विजयी झाले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच होते.

बुद्धिबळांत तर बोलणेंच बंद. मग सहवास कसला, असें कोणी विचारील. याचें उत्तर डाव संपल्यावर मिळतें. मोहरीं पुन्हा मांडून दोघेही डाव उलगडूं लागतात: "येथें घोडा हलविला नसता तर?" जिंकणारा हरणाऱ्यास आपलें मनोगत सांगतो. मोबाईलवर अनोळखी प्रतिस्पर्ध्याशीं खेळल्यास डाव मिळतो, पण हा संवाद सहसा मिळत नाहीं. शिवाय ६४ घरांच्या या पटावर वयाचा मान नसतो. नातू आजोबांचा वजीर पेंचांत धरतो आणि आजोबा संतोषानें हरतात. जुलै २०२५ मध्यें जॉर्जियांतील बाटुमी येथें महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हां नागपूरची दिव्या देशमुख १९ वर्षांची होती व तिची प्रतिस्पर्धी कोनेरू हंपी ३८ वर्षांची. विजय दिव्याचा झाला.

तथापि दोहोंतही उणीव आहे. मैदानावर अशक्त मुलाची निवड शेवटीं होते, आणि वय वाढलें कीं धांवणें सुटतें. पटाचा छंद वृद्धपणींही साथ देतो, परंतु त्यांत शरीर जागच्या जागीं राहतें व मित्रमंडळ लहान राहतें. एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

म्हणून पालकांस आमची विनंति कीं, मुलास केवळ पट किंवा चेंडू आणून देऊन थांबूं नये. आठवड्यांतून एखादा डाव त्याच्यासमवेत खेळावा, एखादी सायंकाळ मैदानाच्या कडेस उभें राहावें. आणि विद्यार्थिमित्रहो, जो पुस्तकांत रमतो त्यास आपल्या रांगेंत बसवा. प्रथम तो उशिरा उठेल, तेवढें सोसा. मग पावसाळ्यांत मैदान चिखलानें भरलें म्हणजे त्याच्याकडून घोड्याची अडीच घरांची चाल शिका.