हार्ड डिस्क : कंपनीचे नाव आणि हमीचा अर्थ

नल्लकुंटा परिसरातील आपल्या दवाखान्यांतून रुग्णांची माहिती आता कागदाऐवजी संगणकात साठू लागली आहे. सोनोग्राफीच्या प्रतिमा, ईसीजी, रक्ततपासणीचे अहवाल हे सारे तळहाताएवढ्या एका डबीत सामावते. साहजिकच व्यवसायबंधू एकत्र आले की "हार्ड डिस्क कोणत्या कंपनीची घ्यावी?" हा प्रश्न निघतोच. सोनोग्राफी हेच माझे काम असल्याने या प्रश्नाशी माझा जुना परिचय आहे.

आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. पन्नास तबकड्यांच्या त्या कपाटात जेमतेम पाच मेगाबाइट माहिती मावत असे. पुढे अनेक कंपन्या या धंद्यात उतरल्या आणि एकमेकींत विलीन झाल्या. सीगेटने २००६ मध्ये मॅक्स्टॉर आणि २०११ मध्ये सॅमसंगचा डिस्क-विभाग घेतला. आयबीएमकडून हिताचीकडे गेलेला विभाग २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे आला. फुजित्सूचा विभाग २००९ मध्ये तोशिबाने घेतला. परिणामी आज फिरत्या तबकडीच्या डिस्क बनविणारे मोठे कारखानदार तीनच उरले आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. "आमची मॅक्स्टॉर दहा वर्षे चालली" हा ज्येष्ठांचा अनुभव खरा असला, तरी आजच्या ग्राहकाला त्याचा उपयोग नाही.

एकट्याचा अनुभव म्हणजे एका रुग्णाची हकिकत. त्यावरून औषधाचा गुण ठरत नाही. त्यासाठी मोठी संख्या हवी. माहिती साठविण्याचा व्यवसाय करणारी बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्याकडील डिस्क किती प्रमाणात बंद पडल्या याचे आकडे २०१३ पासून प्रसिद्ध करीत आली आहे. तिच्या २०१४ च्या आकडेवारीत सीगेटच्या एका तीन टेराबाइट मॉडेलचे वार्षिक प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक होते, तर त्याच सीगेटच्या चार टेराबाइट मॉडेलचे तीन टक्क्यांच्या आत. घराणे एकच, पण भावंडांच्या प्रकृतीत केवढा फरक! २०२४ मध्ये त्या कंपनीतील सर्व डिस्क मिळून हे प्रमाण सुमारे दीड टक्का होते. तात्पर्य, तुलना करायचीच तर ती मॉडेलची करावी, केवळ नावाची नव्हे.

डिस्क बंद पडण्यापूर्वी इशारा देते का? गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढील साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. मात्र बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्के डिस्कमध्ये चार प्रमुख लक्षणांपैकी एकही आधी दिसले नव्हते. निम्म्याहून अधिक रोगी निसटून जाणाऱ्या चाचणीवर आपण कितपत विसंबू?

आता हमीविषयी. तिची मुदत कंपनीपेक्षा मालिकेवर अवलंबून असते. साध्या डिस्कला साधारणतः दोन वर्षे, अखंड चालणाऱ्या साठवण-यंत्रासाठीच्या डिस्कला तीन, तर वरच्या श्रेणीला पाच वर्षे. सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये खरेदी करताना बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा व तो कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावा. तयार संगणकासोबत आलेल्या डिस्कची हमी बहुधा संगणक कंपनी देते, डिस्कची नव्हे. बदलून मिळणारी डिस्क अनेकदा दुरुस्त करून तपासलेली असते.

माझ्याकडील एक डिस्क हमीच्या मुदतीतच एका गुरुवारी बंद पडली. कंपनीने तीन आठवड्यांत विनातक्रार दुसरी दिली. करार तंतोतंत पाळला. पण दुसरी प्रत दर शनिवारी घेतली जात असे. मधल्या दिवसांच्या प्रतिमा गेल्या त्या गेल्याच. त्यांत यकृतात गाठ असलेल्या, आदिलाबादहून आलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याच्या प्रतिमा होत्या. अहवालात गाठीचे माप होते. पण गाठ रक्तवाहिनीला किती खेटून आहे, हे शल्यचिकित्सकांना प्रत्यक्ष पाहायचे होते. त्या गृहस्थांना तीनशे किलोमीटरचा प्रवास पुन्हा करावा लागला. हमीपत्रात या प्रवासाचा उल्लेख कोठेच नसतो. हमी डबीची असते, आतल्या मजकुराची नव्हे.

कायदाही ही जबाबदारी आपल्यावरच टाकतो. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात आणि मागणी झाल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालील नोंदी संगणकावर असल्या, तरी त्यांची छापील, प्रमाणित प्रत ठेवणे बंधनकारक आहे. शिवाय बिघडलेली डिस्क परत देताना रुग्णांची गुपितेही तिच्यासोबत जातात. म्हणून माहिती आरंभापासूनच सांकेतिक कुलपात ठेवावी.

तेव्हा कंपनी कोणतीही निवडा. मुदत मोठी आणि मॉडेल पारखलेले असावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रती तीन असाव्यात, त्यांतील एक रोज घेतलेली आणि एक दवाखान्याबाहेर ठेवलेली. १९०८ चा मुसीचा महापूर आपण ऐकला आहे, ऑक्टोबर २०२० चा पाऊस प्रत्यक्ष पाहिला आहे. एकाच खोलीतल्या तीन प्रती पाण्यापुढे एकच ठरतात. आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीतील एखादी प्रतिमा उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न तपासलेला रुग्ण. तो बरा आहे असे आपण कोणत्या आधारावर म्हणणार?