मल्चिंग पेपरमधील रसायने पिकात कशी येतात?

रायगडमध्ये भातानंतर कलिंगड, मिरचीच्या गादीवाफ्यांवर मल्चिंग पेपर अंथरतात. पाणी वाचते, तण रोखले जाते. मग धोका कुठे?

तुकडे कसे होतात? उन्हाने पातळ प्लास्टिक ठिसूळ होते. नांगरटीत तुकडे मातीत मिसळतात. ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक.

पिकात काय जाते? प्लास्टिकमध्ये मिसळलेली थॅलेट्ससारखी रसायने त्यात घट्ट बांधलेली नसतात. ती मातीत झिरपतात. काही अंश मुळे शोषतात.

व्याप्ती किती? जगभरात शेती-पशुपालनात वर्षाला १.२५ कोटी टन प्लास्टिक वापरले जाते, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २०२१ चा अहवाल सांगतो.

काय कराल? जाड पेपर निवडा, तो अखंड निघतो. पीक निघताच पेपर गोळा करा, रोटाव्हेटर नंतरच फिरवा. पेपर जाळू नका, भंगारवाल्याला द्या.