सोळा तासांची भट्टी

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने निकेलवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु माझे मामा पुण्याजवळच्या एका कारखान्यात भट्टीवर होते. तेथे निकेलच्या मिश्रधातूच्या इंजिनझडपा होत. एकदा रात्रपाळीत भट्टी वेळेआधीच उघडली गेली. माल दिसायला जसाच्या तसा, पण कठिणता कमी भरली. सबंध लॉट अडला व ठपका मामांवर आला. नुसत्या वेळेने धातूत असे काय बदलते, हे मला तेव्हापासून जाणून घ्यायचे होते.

ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती 1906 साली, जर्मनीत. आल्फ्रेड व्हिल्म याने तांबे व थोडे मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून एकदम थंड केले. दोन दिवसांनी पाहतो तो तेच तुकडे अधिक कठीण! कारण पुढे कळले. तापलेल्या धातूत मिसळ पूर्ण विरघळते. झटकन थंड केल्यावर तिला बाहेर पडण्यास सवड मिळत नाही. मग ती सावकाश, अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने गोळा होते. धातू वाकतो म्हणजे त्यातील अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. हे कण म्हणजे त्या वाटेतले खडेच म्हणा ना!

पण ॲल्युमिनियमचा हा कणखरपणा दोनशे अंशांच्या आसपास ओसरू लागतो. जेट इंजिनातील पाती तर लालभडक तापतात आणि त्याच वेळी प्रचंड वेगाने फिरतात. पोलादाची पाती अशा वेळी हळूहळू ताणली जात. इंग्लंडमध्ये व्हिटलच्या इंजिनासाठी 1940 नंतर माँड निकेल कंपनीने नायमॉनिक 80 हा मिश्रधातू काढला. विजेच्या शेगडीच्या तारेत असतो तोच निकेल-क्रोमियमचा 80-20 मेळ, त्यात थोडे टायटॅनियम व ॲल्युमिनियम. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो व धातू जळत नाही. बळ येते ते मात्र आतल्या कणांमुळे: निकेलच्या तीन अणूंमागे ॲल्युमिनियमचा वा टायटॅनियमचा एक. त्यांची मांडणी भोवतालच्या धातूशी इतकी जुळते, की तापले तरी ते लवकर मोठे होत नाहीत. शिवाय गंमत अशी, की सुमारे सातशे अंशांपर्यंत हे कण तापतील तसे अधिकच बळकट होतात!

पुढच्या नायमॉनिक 80ए ला 1080 अंश सेल्सियसला 8 तास ठेवून हवेत निववतात, मग 700 अंशांना 16 तास. वेळ कमी पडली तर पुरेसे कण धरत नाहीत. फार झाली तर बारीक कण विरून मोजकेच मोठे उरतात आणि त्यांच्यामधून थर निसटतात. पहिली चूक भट्टीत पुन्हा घालून निस्तरते, दुसरीला सारे पहिल्यापासून करावे लागते.

मामांचा लॉट पुन्हा भट्टीत गेला आणि तपासणीत उतरला. ठपका मात्र तसाच राहिला.