कणगीतले चोर

गेल्या आषाढातली गोष्ट. झड लागलेली, आठ दिवस कुणाच्याच रानात काम नव्हते. आमच्याकडे निंदायला येणाऱ्या मावशींनी पुढच्या मजुरीत वळते करा म्हणून पायलीभर गहू मागितले. मी कोपऱ्यातले पोते सोडले आणि मोजून दिले. तिन्हीसांजेला त्या परत आल्या. “वहिनी, चाळल्यावर एवढेच राहिले बघा,” म्हणून त्यांनी पदर उघडला. निम्म्याहून कमी! बाकी सारी पिठी आणि सोंडे.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पोते मीच भरले होते. फाल्गुनात मळणी झाली, व्यापाऱ्याची गाडी दारात उभी, त्या घाईत घरखर्चाच्या गव्हाला ऊन द्यायचे राहूनच गेले.

सोंड्याची चलाखी पाहा. मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडे घालते आणि वरून भोक बुजवून टाकते. अळी आतल्या आत दाणा पोखरते. बाहेरून धान्य टपोरे दिसते. महिनाभराने पोते सोडावे तर नवी फौज तयार!

क्विंटलामागे ५ किलो जरी किडीने नेले, तरी दहा पोत्यांत ५० किलो गेले. रोज दोन किलो पीठ लागणाऱ्या घराचे ते पंचवीस दिवसांचे खाणे. रेशनवर गरिबाला माणशी महिन्याला मिळते तेच मुळी ५ किलो! १९७२ च्या दुष्काळात सुकडीवर दिवस काढलेली माणसे अजून गावोगाव आहेत. त्यांना हा हिशेब सांगावा लागत नाही.

खरा उपाय ऊन. धान्यात ओल शेकडा १० ते १२ च्या आत आली की किडीची वाढ फार मंदावते. दाताखाली दाणा कट्‌ करून फुटला पाहिजे. खात्री हवी असेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे धान्य आणि दोन चमचे कोरडे मीठ घालून हलवा. मीठ काचेला चिकटले तर ओल बरीच आहे. नाही चिकटले तरी आणखी एक-दोन उन्हे द्याच. मात्र गरम धान्य लगेच कोठीत भरू नका, आत घाम सुटतो. रात्रभर निवू द्या.

जुन्या पोत्यांच्या शिवणीत किडे दडून असतात. ती उकळत्या पाण्यातून काढून कडक वाळवावीत. थप्पी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. नव्या धान्यावर जुने ओतू नये. कडधान्याचा भुंगा तर शेंगेबरोबर शेतातूनच येतो. म्हणून तुरीची लवकर डाळ करावी, बाकीच्याला किलोमागे चमचाभर गोडे तेल चोळावे. निंबाचा पाला घालायचा तर सावलीत वाळवून. हिरवा घातला तर ओलच वाढते, आणि ओल्या धान्याला पाला काही वाचवत नाही.

धुरीच्या विषारी गोळ्या मात्र राहत्या घरात नकोत. त्यांच्या वायूने झोपेतच माणसे दगावली आहेत.

यंदा व्यापाऱ्याची गाडी दोन दिवस थांबवली. आधी घरचे गहू अंगणात पसरले, मग बाकीचे बोलणे. परवा मावशी आल्या तेव्हा पायली मोजली आणि चाळण त्यांच्यासमोर ओसरीवर मीच फिरवली. खाली चिमूटभर माती पडली, एवढेच.