बाय ट्रेन, पण ऑन द ट्रेन!

‘बाबा ट्रेनने ऑफिसला जातात’ हे इंग्रजीत कसं सांगाल? वर्गात विचारलं की निम्मी मुलं ओरडतात, ‘बाय द ट्रेन!’ बरोबर उत्तर आहे ‘बाय ट्रेन’. इथे फक्त प्रवासाचं साधन सांगायचंय, ठरावीक गाडी नाही. म्हणून बाय बस, बाय कार. मध्ये ना ‘अ’, ना ‘द’.

पण बाबा आत्ता डोंबिवलीच्या लोकलमध्ये असतील तर? ‘ही इज ऑन द ट्रेन.’ एखादा खट्याळ विचारतोच, ‘बाई, ऑन म्हणजे वर. बाबा टपावर बसलेत का?’ नाही रे बाबा! ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, तिथे साधारणपणे ऑन: ट्रेन, बस, विमान. कारमध्ये आणि रिक्षात वाकून शिरावं लागतं, तिथे इन. संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये चालायला जागा कुठे असते, हे मात्र मला विचारू नका!

घोळ का होतो? मराठीत ‘अ’ आणि ‘द’ नाहीतच. शिवाय आपला एकच प्रत्यय अनेक कामं करतो. बघा: सकाळी, सोमवारी, रात्री. तिन्हीकडे शेवटी नुसती दीर्घ ई. इंग्रजीत मात्र इन द मॉर्निंग, ऑन मंडे, अ‍ॅट नाइट. आणि सोमवारी सकाळी? वार आला की ‘इन द’ पळतो: ऑन मंडे मॉर्निंग. हे बोलून बोलूनच जिभेवर बसतं.

एवढ्याशा ‘द’ने अर्थही बदलतो. तुम्ही शिकायला जाता ते ‘टू स्कूल’. आई फी भरायला जाते ती ‘टू द स्कूल’. इमारत तीच, काम वेगळं. समजा, एका मुलीची आई ठाण्याच्या इस्पितळात नर्स आहे आणि मुलीने चिठ्ठीत लिहिलं, ‘माय मदर इज इन हॉस्पिटल’. वाचणारा घाबरणारच! कारण याचा अर्थ आई आजारी आहे, दाखल केलंय. लिहायला हवं ‘अ‍ॅट द हॉस्पिटल’. अमेरिकेत पेशंटलाही ‘इन द हॉस्पिटल’ म्हणतात, पण आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश वळणाची.

पालकांनो, नुसते नियम घोकून घेऊ नका. शब्द शेपटीसकट पाठ करून घ्या: ‘गुड अ‍ॅट’, ‘अफ्रेड ऑफ’. ‘डिस्कस’ला शेपटी नाही, ‘डिस्कस अबाउट’ म्हणजे चूक. नावांचंही तसंच. कल्याणजवळची नदी ‘द उल्हास’, पण ठाण्याचा तलाव नुसता ‘मसुंदा लेक’.

आता हे करा: ‘तो डोंबिवली स्टेशनवर माझी वाट बघतोय.’ ‘वर’ दिसला म्हणून ऑन लिहाल तर फसाल. अ‍ॅट लागेल आणि एक फॉरसुद्धा!