ओघळलेले स्तन आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

बाळंतपणे, वजनातील घट आणि वय यांमुळे स्तनांची त्वचा सैलावते. हा आजार नव्हे. परंतु मुरुमसारख्या गावात याविषयी बोलण्याचा संकोच एवढा, की पहिली चौकशी सोलापूर-लातूरच्या डॉक्टरांपुढेच होते, आणि तीही घाईने.

उचलणे आणि भरणे या भिन्न गोष्टी आहेत. उचलण्याच्या शस्त्रक्रियेत जादा त्वचा काढून स्तनाग्र वर घेतात. आकारमान वाढत नाही. इम्प्लांटने भरीवपणा येतो. पण स्तनाग्र स्तनाखालच्या घडीपेक्षा खाली उतरले असेल, तर एकट्या इम्प्लांटने भागत नाही. उलट त्याच्या भाराने त्वचा पुढे आणखी ओघळू शकते. ओघळ जितका अधिक, तितका व्रण लांब. इम्प्लांट आजन्म टिकत नाही, म्हणजे पुढे दुसरी शस्त्रक्रिया आणि दुसरा खर्च. २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने आपली खरबरीत पृष्ठभागाची इम्प्लांट्स एका दुर्मीळ कर्करोगाशी संबंध आढळल्याने जगभरातून परत घेतली. पुन्हा अपत्याचा विचार असल्यास थांबणेच श्रेयस्कर.

निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविमा देत नाही. वर १८ टक्के जीएसटी. कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेस मात्र विम्यात अपवाद आहे.

जैन भगिनींनी आणखी एक विचारावे : टाके कशाचे? ‘कॅटगट’ धागा मेंढी वा गुरांच्या आतड्यांपासून होतो. विरघळणारे कृत्रिम धागेही मिळतात. इम्प्लांटला आधार म्हणून कधीकधी वापरतात ते अस्तरही प्राण्याच्या त्वचेचे असू शकते. ही विचारणा पहिल्याच भेटीत व्हावी.