गोयाच्या चित्रवह्या : वाक्ये आणि अनुक्त कर्ता

फ्रान्सिस्को गोया (१७४६–१८२८) याची कीर्ती मुख्यतः त्याच्या तैलचित्रांवर आणि ‘काप्रिचोस’सारख्या मुद्राचित्रमालांवर उभी आहे. १७९२–९३ च्या दुखण्यात त्याला बहिरेपण आले. त्यानंतर १७९६ च्या सुमारास सुरू झालेल्या व बोर्दो येथील अखेरच्या वर्षांपर्यंत चालू राहिलेल्या त्याच्या चित्रवह्या मात्र खाजगी होत्या. अशा आठ वह्या अभ्यासकांनी निश्चित केल्या असून त्यांना रोमन लिपीतील पहिल्या आठ अक्षरांनी ओळखले जाते. दुसऱ्या वहीच्या उत्तरार्धापासून चित्रांखाली हाताने लिहिलेली छोटी वाक्ये दिसू लागतात. ढोंग, लोभ, क्रौर्य, अंधश्रद्धा हे विषय चित्रांत उघडच आहेत. त्यांची यादी करणे सोपे असते व तीच पुष्कळदा केली जाते. परंतु चित्राखालचे वाक्य कोणाच्या तोंडचे, हा प्रश्न त्या यादीने सुटत नाही.

या दृष्टीने तिसरी वही सर्वांत महत्त्वाची होय. तिचा काळ सामान्यतः १८०८ ते १८१४ असा धरतात. काही अभ्यासक तो पुढेही नेतात. तिची बहुतेक पाने माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. त्यांतील एका सलग गटात इन्क्विझिशनने दोषी ठरविलेल्या व्यक्ती आहेत. गोव्याच्या इतिहासामुळे हे धर्मन्यायासन मराठी वाचकाला अपरिचित नाही. गोव्यातील न्यायासन पोर्तुगीजांचे होते, एवढाच भेद. डोक्यावर कागदी उंच टोपी, अंगात अपराध्याचा झगा आणि खाली ‘पोर्’ या शब्दयोगी अव्ययाने सुरू होणारी ओळ, अशी या पानांची रचना आहे. ‘पोर् आबेर नासिदो एन ओत्रा पार्ते’ ही त्यांपैकी एक. तिच्यात कर्ता नाही आणि क्रियापद भाववाचक रूपात आहे, त्यामुळे लिंग, वचन व पुरुष यांचा पत्ता लागत नाही. शिक्षेचे कारण मात्र दिलेले आहे, आणि ते म्हणजे दुसरीकडे कोठे तरी झालेला जन्म.

ही ओळ मराठीत आणू पाहणाऱ्याची खरी अडचण ‘पोर्’पाशी होते. ‘अन्यत्र जन्मल्यामुळे’ म्हटले तर नुसता कार्यकारणभाव उरतो. ‘जन्मल्याबद्दल’ म्हटले तर निकालपत्र वाचून दाखविणारा कारकून ऐकू येतो. ‘जन्मल्यापायी’ म्हणावे तर बोलणारा हळहळणारा शेजारी होतो. ‘अन्यत्र जन्मला म्हणून’ ही रचना सर्वांत जवळची वाटते, कारण ‘म्हणून’ हे मुळात ‘म्हणणे’ या धातूचेच रूप असल्याने दिलेले कारण कोणाचे तरी म्हणणे आहे, याची खूण तीत शिल्लक राहते. शिवाय तिच्यात संतापालाही जागा आहे. परंतु ‘म्हणून’च्या आधी ‘जन्मला’ की ‘जन्मली’ हे ठरवावेच लागते. झगा आणि टोपी यांखाली माणसाची जी ओळख पुसली गेली आहे, ती मराठी क्रियापद परत मागते. ‘बद्दल’ने ती ओळख झाकलेली राहते, पण हळहळ जाते. स्पॅनिश ओळीत न्यायाधीश, बघे आणि चित्रकार हे तिघेही एकाच शब्दात बसू शकतात. मराठी अनुवादकाला त्यांतून निवड करावी लागते, व ती निवड व्याकरणाची असली तरी तिचा परिणाम नैतिक असतो.

‘पोर् मोवेर ला लेंग्वा दे ओत्रो मोदो’ या ओळीत संदिग्धता नामातही शिरली आहे. ‘लेंग्वा’ म्हणजे जीभ आणि भाषाही. जीभ निराळ्या तऱ्हेने हलविली, हा अपराध मतभेदाचा की परक्या बोलीचा, हे ओळ सांगत नाही. आणि जीभ वळणे ही शेवटी एक शारीरिक क्रिया आहे, हेही ती विसरू देत नाही.

याच मालिकेत गॅलिलिओवरचे चित्र आहे. ओळीत त्याचे नाव नाही. ‘पृथ्वीची गती शोधून काढल्याबद्दल’ एवढेच आहे. येथे क्रियापद बारकाईने पाहिले पाहिजे. एखादी गोष्ट ‘मानणे’ हे चुकीचे असू शकते. पण जे नाहीच, ते कोणी ‘शोधून काढू’ शकत नाही. पृथ्वी फिरते हे ‘शोधून काढणे’ या शब्दातच मान्य झालेले आहे. १६३३ च्या रोममधील न्यायासनाने हे क्रियापद कधीही वापरले नसते. वाक्याचा साचा न्यायाधीशाचा आणि क्रियापद आरोपीच्या बाजूचे, असा हा प्रकार आहे. उपरोध उपरोध म्हणून टीकाकार मोघमपणे ज्याचे नाव घेतात, तो या ओळीत नेमका कोठे आहे हे बोट ठेवून दाखविता येते.

पुढे एका पानावर साखळदंडांत जखडलेली स्त्री आहे. खाली केवळ ‘पोर् लिबेराल?’ असे दोन शब्द व प्रश्नचिन्ह. ‘लिबेराल’चा जुना अर्थ उदार, सढळ हाताचा. कादिस येथील संसदेच्या काळात, १८१० नंतर, तो शब्द एका राजकीय पक्षाचे नाव झाला. १८१४ मध्ये सातव्या फर्डिनंडने राज्यघटना रद्द करून इन्क्विझिशन पुन्हा स्थापल्यावर ते नाव तुरुंगात जाण्यास पुरेसे झाले. प्रश्नचिन्हामुळे साच्याचा निश्चितपणाच ढळतो. विचारणारा कैदी स्त्रीला विचारतो आहे की तिला कोंडणाऱ्यांना?

त्यानंतरच्या कैद्यांच्या चित्रांत रचना बदलते आणि ‘पोर्’ची जागा संबोधन घेते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इन्क्विझिशनच्या कोठडीत पडलेला वैद्य दिएगो मातेओ सापाता याच्या चित्राखाली, ‘सापाता, तुझी कीर्ती अमर राहील’ अशा अर्थाचे वाक्य आहे. स्पॅनिशमधील एकवचनी ‘तू’ येथे मराठीत जसाच्या तसा येतो. त्याला ‘आपली’ करणे चूक ठरेल, कारण कोठडीच्या दाराशी उभा असलेला माणूस औपचारिक बोलत नाही. ज्याच्याशी बोलणे चालले आहे, त्याला आता नाव मिळाले आहे. बोलणाऱ्याचे नाव याही ओळीत नाही.